नाव घेणारं मशीन

एकलहऱ्याच्या तेजलला गप्प करायचं असेल तर तिच्यासमोर कॉम्प्युटर ठेवावा, असं तिचे मनोज सर म्हणत. एरवी या पोरीच्या तोंडाला कुलूप नव्हतं. शेअर रिक्षात बसली की नाशिक रोड येईपर्यंत शेजारच्या बाईच्या सुनेचं बाळंतपण कुठं झालं, रिक्षावाल्याच्या मेव्हण्याचं जमलं की फिसकटलं, सगळं तिला ठाऊक झालेलं असे. उतरताना लोक तिला लग्नाचं आमंत्रण देऊन मोकळे होत. पण कॉलेजच्या लॅबमध्ये पडद्यावर तो कर्सर लुकलुकायला लागला की हिची दातखीळ बसायची.

आता अशा पोरीने कॉम्प्युटरच्या वाटेला जावंच का? तर त्याला तिचे वडील कारणीभूत. योगेश गावाजवळच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे वेल्डर होते. उन्हाळ्यात बॉयलरपाशी काम करून घरी आले की बराच वेळ मोरीत बसून नुसते अंगावर तांबे ओतत राहायचे. एकदा कसल्याशा कामाला त्यांना कंट्रोल रूममध्ये जावं लागलं आणि ते थक्क होऊन घरी आले. आत एसी, भिंतभर पडदे, आणि बसलेल्यांपैकी एकाच्याही कपाळावर घाम नाही! त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकलं, पोरगी कॉम्प्युटर शिकणार. तेजलची आई ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, पण तिची हुशारी सगळी बोलण्यात आहे. तिला धंद्याचं काहीतरी शिकवू." दोघांनी दोन दिवस अबोला धरला आणि मग मधला मार्ग निघाला: बीबीए, त्यातही कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. म्हणजे पदवी धंद्याची आणि तिच्या पोटात कॉम्प्युटर. आईबापांची समजूत पटली आणि भोगणं तेजलच्या नशिबी आलं.

कारण हा अभ्यास म्हणजे दोन सासरी एकाच वेळी नांदण्याचा प्रकार. सकाळी मार्केटिंग, मनुष्यबळ, व्यवस्थापन. त्यात तेजल पहिल्या बाकावर, हात कायम वर. दुपारी डेटाबेस आणि प्रोग्रॅमिंग, की ही मागच्या बाकावर, खिडकीशी. सी नावाच्या भाषेचा पेपर तिने तिसऱ्या खेपेला काढला आणि त्या दिवशी घरी शिरा झाला. वर्गातली पोरं चिडवायची, "तेजल, कॉम्प्युटरशी गप्पा मार, ऐकेल तो." नाशिक रोडला बिटको चौकाजवळ साड्यांच्या दुकानात काम करणारा मामा प्रत्येक दिवाळीला सांगायचा, "पोरीचं तोंड गोड आहे, आमच्या काउंटरवर उभी करा. कशाला त्या मशिनीशी झटापट?" मामा वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं खरंही वाटायचं, आणि तेच तेजलला टोचायचं.

एक तास मात्र तिला मनापासून आवडायचा, एमआयएसचा, म्हणजे माहितीच्या व्यवस्थेचा. माहिती कुठून निघते, कोणाकडे जाते, मध्ये कोण अडवून धरतं, हे मनोज सर फळ्यावर गोल आणि बाण काढून दाखवत. पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा तेजल भर वर्गात बोलून गेली, "सर, ही तर आमची गल्ली आहे." वर्ग हसला. सरही हसले, पण नंतर म्हणाले, "बरोबर आहे. आता गल्लीचा कॉम्प्युटर कर." ते त्यांनी सहज म्हटलं होतं. तेजलच्या मनात मात्र ते घर करून बसलं.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला. मनोज सर या प्रोजेक्टांना विटले होते. दरवर्षी निम्मा वर्ग ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर दुकानातून विकत आणून दाखवी, जे कुठल्याही ग्रंथालयाने कधी पाहिलेलं नसे, आणि उरलेला निम्मा हॉस्पिटलचं, जे त्याच दुकानातून आलेलं असे. यंदा सरांनी नवीनच टूम काढली. म्हणाले, "तोंडी परीक्षेला वापरणारी माणसं घेऊन यायची. दोन जण. ते वापरतील, बाहेरचे परीक्षक बघतील. तुम्ही मशीनला हात लावायचा नाही. त्यांना जमलं तर पास, नाही तर पुढच्या वर्षी भेटू."

जोड्या सरांनीच लावल्या. तेजलच्या वाट्याला दीपक आला. दीपक म्हणजे वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात अबोल मुलगा. कोड असा लिहायचा की सरही वाकून बघत, पण कॅन्टीनमध्ये चहा मागायचा म्हटला तरी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. लग्नाकार्याला तो जेवणाच्या पंगतीपुरता जायचा आणि हात धुऊन पळायचा.

"आपला क्लायंट कोण?" त्याने विचारलं.

"कमळाबाई," तेजल म्हणाली.

"त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे?"

"पडवी आहे."

तर ही पडवीची गोष्ट. ज्योत्स्नाच्या बचत गटाने गावासाठी कार्याची भांडी घेतली होती. मोठाली पातेली, कढया, पराती, झारे. कोणाकडे लग्न निघो, बारसं निघो, भांडी इथूनच जायची. ती ठेवलेली कमळाबाईंच्या पडवीत आणि त्यांची सगळी व्यवस्था कमळाबाईंच्या डोक्यात. सत्तरी गाठलेल्या या बाईंचा गावात दरारा होता. पण गेल्या लग्नसराईत घोटाळा झाला. एकाच तिथीला दोन मांडव उभे राहिले. मोठी कढई एका लग्नातून परस्पर दुसऱ्याच गावच्या लग्नाला निघून गेली आणि इकडे वऱ्हाड दारात आलं तरी वडे तळायला कढई नाही. शेवटी वडे घराघरांतल्या कढयांत तळले. काही मोठे, काही छोटे, काही काळे. नवरदेवाकडचे लोक अजून त्या वड्यांचा विषय काढतात. आणि झारे तर दर कार्यात हरवायचे. कढई उशिरा का होईना घरी येते, झारा येत नाही. तो जातो कुठे, ते देवालाच ठाऊक.

तेजल रविवारी पडवीत ठाण मांडून बसायला लागली. भांडी कोण नेतं, कोण सांगून नेतं, कोण न सांगता, परत कोण आणतं आणि कोण परस्पर पुढे पाठवतं, हे सगळं तिने बायकांकडून शेंगा सोलता सोलता काढून घेतलं. तिने गोल काढले, बाण काढले. दीपकने ते बघितले आणि पहिल्यांदा आपण होऊन बोलला, "हे चांगलं आहे." मग तो कोड लिहायला बसला.

अडचणी आल्याच. दीपकने भांड्यांना नंबरांचे स्टिकर लावले, ते पहिल्याच लग्नात राखेने घासून निघाले. मग भांडीवाल्याकडून नंबर कोरून घेतले. बायका टाइप करणार नाहीत हे तर उघडच होतं. तेजल म्हणाली, "त्या बोलतील. बोलायला त्यांना कोण अडवतंय?" म्हणून मग जुन्या टॅबवर असं केलं की मशीन विचारणार आणि बाईने तोंडाने उत्तर द्यायचं, की अक्षरं आपोआप उमटणार. विचारायचा आवाज तेजलचा. सगळी वाक्यं तिनेच रेकॉर्ड केली, चुकलं तर काय बोलायचं तेसुद्धा. तेवढ्या कामात ती कुठेच अडखळली नाही.

राहिला प्रश्न ओळखीचा. गावात चार कमळाबाई आणि अर्ध्या गावाचं आडनाव एकच. दीपक हट्टाला पेटला की प्रत्येक बाई वेगळी ओळखता आलीच पाहिजे, नाही तर कढई भलतीच्याच नावावर पडेल. म्हणून बाईच्या नावापुढे एक चौकट आली: पतीचे नाव. चौकटीवर लाल चांदणी, म्हणजे ती भरल्याशिवाय मशीन पुढे सरकणारच नाही. आणि दर वेळी भांडं नेताना ते नव्याने विचारणार, म्हणजे गफलत नको.

चाचणी घेतली ज्योत्स्नावर. टॅबमधून लेकीचा आवाज आला, "तुमच्या मालकांचं नाव काय?" आणि ज्योत्स्नाने खणखणीत आवाजात सांगितलं, "योगेश." दारात बूट काढत असलेले योगेश तिथेच थबकले. इतक्या वर्षांत बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव त्यांनी असं ऐकलं नव्हतं. "काय गं, नावाने हाक?" ते म्हणाले आणि लाजून मोरीत गेले. मशीनने नोंद केली. तेजलने दीपकला फोनवर सांगितलं, "एकदम ओके." इथेच तिची चूक झाली. पण ती तेव्हा कळायची नव्हती, कारण आई चाळिशीची, मोबाईल वापरणारी, गटाच्या सभेत मायक्रोफोन धरून बोलणारी बाई. पडवीत बसणाऱ्या बायका वेगळ्या होत्या.

परीक्षेच्या सकाळी रिक्षातून कमळाबाई आणि त्यांची मैत्रीण सगुणाबाई उतरल्या. कमळाबाईंनी लग्नातली जांभळी नऊवारी नेसली होती आणि हातात झारा होता. "नेणार काय, ते दाखवायला नको का परीक्षा घेणाऱ्या बाईला?" असं त्यांचं म्हणणं. सगुणाबाई मागे मागे. देवळामागे एकट्या राहणाऱ्या, जाईला पाणी घालणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. कॉलेजच्या पायऱ्या चढताना त्यांनी तेजलचा दंड धरला होता.

"घाबरल्या का आजी?" तेजलने विचारलं.

"तू घाबरलीस. हात गार पडलाय तुझा," सगुणाबाई म्हणाल्या.

खरं होतं. तेजलने रात्री मनाशी ठरवून टाकलं होतं की हे बुडालं तर मामाच्या दुकानात जायचं, आणि पुन्हा कधी कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही. लोक जे म्हणतात ते खरंच असणार. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. वडिलांना तर मुळीच नाही. ते सकाळी पाळीवर जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले होते.

परीक्षक मॅडमची कीर्ती आधीच पोचली होती. चष्मा नाकावर, केस करडे, चेहऱ्यावर रेष हलत नाही. आधीच्या जोडीचा हॉस्पिटलवाला प्रोजेक्ट त्यांनी "रुग्ण कुठे आहे?" एवढ्या एका प्रश्नात झोपवला होता. त्यांनी झाऱ्याकडे पाहिलं, कमळाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुरू करा."

सुरुवात झकास झाली. टॅबमधून तेजलचा आवाज म्हणाला, "या बसा. काय नेताय?" कमळाबाई म्हणाल्या, "झारा, नंबर चार." उमटलं. "तुमचं नाव?" "कमळाबाई." उमटलं. मनोज सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग आवाजाने विचारलं, "तुमच्या मालकांचं नाव काय?"

आणि कमळाबाई एकदम थांबल्या. ज्या बाईसमोर गावातले आचारी चळचळ कापतात ती बाई लाजली. पदर सारखा केला, खाली पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं. मग घसा खाकरला आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"चुलीवरच्या कढईला पितळेचा झारा,
नामदेवरावांचं नाव घेते, ऐकतोय वर्ग सारा!"

वर्गाने टाळ्या पिटल्या. मशीनने मात्र इमानेइतबारे सगळा उखाणा त्या एवढ्याशा चौकटीत कोंबायचा प्रयत्न केला. तिथे जागा होती एका नावापुरती. चौकट लाल झाली, टिंग टिंग वाजलं आणि तेजलचाच आवाज म्हणाला, "नाव चुकीचं आहे. पुन्हा सांगा."

कमळाबाई गरकन वळल्या. "काय गं भवाने? माझ्या नवऱ्याचं नाव चुकीचं हाय? पंचक्रोशीला इचार जा! माझ्या लग्नात तुझी आई पण जन्मली नव्हती!"

"आजी, मी नाही, ते मशीन..."

"आवाज तुझा हाय!"

पोरं बाकावर डोकं टेकून हसत होती. परीक्षक मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. दीपकच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. तो पुटपुटला, "फक्त नामदेव म्हणायला सांग ना. एकदाच. पास होऊन जाऊ."

आई म्हणाली म्हणून सगळ्या म्हणतील असं तिने धरलं होतं. इतके रविवार ती या बायकांत बसली, त्यांच्या सुना, नातवंडं, गुडघे, सगळं तिला पाठ झालं. पण मालकांचा विषय निघाला की त्या "आमचे हे" म्हणतात, "घरातले" म्हणतात, नाव कधी घेत नाहीत, हे रोज कानावर पडूनही तिला ऐकू आलं नव्हतं. नाव घ्यायचं ते उखाण्यातच. साधं, नुसतं, हाक मारल्यासारखं नाव कमळाबाईंच्या ओठांवर उभ्या जन्मात आलं नव्हतं.

पोरीचा चेहरा उतरलेला कमळाबाईंना दिसला. राग कुठल्या कुठे गेला. त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अडलंय का गं तुझं? तसंच म्हणायला पायजे का? म्हणते मी. तुझ्यासाठी म्हणते." असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनी मान वर केली नाही.

"नको, आजी," तेजल म्हणाली. मग ती परीक्षक मॅडमकडे वळली. या वेळी तोंड बंद पडलं नाही. "मॅडम, आजींचं बरोबर आहे. माझं चुकलं. त्या नाव कसं घेतात हे मी विचारलंच नाही. मला दुरुस्त करायला थोडा वेळ मिळेल का?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मी चहा घेऊन येते," त्या उठत म्हणाल्या. "तोवर बघा."

दीपकने लॅपटॉप ओढला. "चौकट मोठी करतो. अख्खा उखाणा मावेल."

"मग ओळखणार कसं? आजी दर वेळी नवा घेणार," तेजल म्हणाली.

"अर्थात नवा घेणार," कमळाबाईंनी ठणकावलं. "एकच उखाणा दोनदा घ्यायला मला काय दुसरं येत नाय?"

दीपकने हात वर केले. उखाण्यातून नाव शोधायचं कसं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तेजल मात्र मनातल्या मनात सगळी हळदीकुंकवं, सगळी डोहाळजेवणं फिरून आली. कोणीही, कसाही, कुठलाही उखाणा घेतला तरी एक गोष्ट बदलत नाही. नवरा पाटील असो की पंक्चरवाला, उखाण्यात तो राव होतो.

"राव!" ती ओरडली. "दीपक, राव! ज्या शब्दात राव आहे तो शब्द पकड. रावपर्यंतचं ठेव, पुढचं सोड. रावांचं असो, रावांची असो, काही फरक पडत नाही!"

दीपक तिच्याकडे बघतच राहिला. त्याने बोटं पुढे केली, पण मनोज सर मागून म्हणाले, "ज्याला सुचलंय त्याने लिहावं." दीपकने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

आणि तेजलने लिहिलं. तो कर्सर लुकलुकत होता, पण या वेळी तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं. शब्द तोड, एकेक बघ, राव सापडला की थांब. चारच ओळी असतील. पहिल्यांदा चालवलं तर अडलं. दीपकने नुसतं एका कंसावर बोट ठेवलं. तिने तो कंस बंद केला. तेवढ्यात चहाचा कप हातात घेऊनच मॅडम आल्या.

कमळाबाई पुन्हा बसल्या. टॅबला दम दिला, "आता नीट ऐक." आणि म्हणाल्या,

"वीजकेंद्राच्या चिमण्यांना ढगांची टोपी,
नामदेवरावांची राणी मी, परीक्षा झाली सोपी!"

चौकटीत एकच शब्द उमटला: नामदेवराव. "नोंद झाली," तेजलचा आवाज म्हणाला, "झारा जपून न्या." वर्ग उभा राहिला. दीपकने, त्या दीपकने, शिट्टी वाजवली.

मॅडमनी कप ठेवला, खुर्ची ओढली आणि टॅब स्वतःकडे वळवला. "मीही एक तपासून बघते," त्या म्हणाल्या. "यात काही गंमत नाही, परीक्षणाचा भाग आहे." आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाल्या,

"संगणकाच्या पडद्यावर अक्षरांची रांग,
अविनाशरावांचं नाव घेते, मशीन, तूच आता सांग."

मशीनने सांगितलं. तेव्हा ती रेष हलली. मॅडम चक्क हसल्या आणि कमळाबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "घेतलं की पोरीनं! लाजायचं कशाला?"

"आता दुसऱ्या आजी," मॅडम म्हणाल्या.

तेजलचं हसू जागच्या जागी विरलं. सगुणाबाईंचे मालक जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मालक गेलेल्या बाईला कोणी नाव घ्यायला सांगत नाही. हळदीकुंकवात तिची पाळी कोणी आणत नाही, ती भिंतीशी बसते आणि दुसऱ्यांचे उखाणे ऐकते. आणि इथे ती लाल चांदणी. ती चौकट भरल्याशिवाय मशीन पुढे जाणार नव्हतं आणि हे प्रश्न रेकॉर्ड करताना तेजलला त्यांचा विचार शिवलाही नव्हता. कमळाबाईंच्याही ते लक्षात आलं. त्या घाईने म्हणाल्या, "तिला नको इचारू गं. मीच परत घेते, माझ्याकडं लय हायत."

"आजी, तुम्ही नका बसू," तेजल म्हणाली. ती आता परीक्षेचं बोलत नव्हती. "राहू दे. मी सांगते मॅडमना."

पण सगुणाबाई बसल्या होत्या. त्यांनी टॅब दोन्ही हातांनी धरला. "काय नेताय?" "झारा, नंबर चार." "तुमचं नाव?" "सगुणा." आणि मग तोच आवाज, सगळ्यांना विचारतो तसाच, ना दबून ना चाचरून, "तुमच्या मालकांचं नाव काय?"

सगुणाबाईंनी कमळाबाईंकडे पाहिलं.

"मला इचारतंय गं ते," त्या म्हणाल्या.

"नको वाटत असेल तर..." तेजल म्हणाली.

"इचारू दे ना. किती वर्षांनी इचारलं कोणीतरी." त्यांनी पदर डोक्यावरून सारखा केला. आवाज हळूच होता, पण स्वच्छ.

"दारी लावली जाई, वेल चढला वर,
खंडेरावांचं नाव घेते, अजून त्यांचंच घर."

खंडेराव, असं उमटलं. सगुणाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हे ते?" तेजलने मान डोलावली. कमळाबाई डोळ्यांना पदर लावून मोठ्याने म्हणत होत्या, "झक्कास घेतला गं, माझ्यापेक्षा झक्कास!" टाळ्या या वेळी हळू सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

पास तर झालेच, वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले. निकालाच्या संध्याकाळी योगेश पेढे घेऊन कंट्रोल रूमपर्यंत गेले, तिथल्या पहारेकऱ्याने आत सोडलं नाही म्हणून त्यालाच चार दिले. मामानेही पेढा खाल्ला आणि काउंटरवर दुसरी मुलगी बघतो म्हणाला. तेजल आता विंचूरकडे एका कांद्याच्या कंपनीत आहे. तिथलं सॉफ्टवेअर बसवण्याआधी ती गोदामात हमालांबरोबर बसते, बायकांबरोबर बसते आणि तासन् तास बोलते. साहेब लोकांना वाटतं पोरगी गप्पा मारतेय. गप्पाच मारत असते ती, पण आता त्यातलं न बोललेलंही तिला ऐकू येतं.

एकलहऱ्याच्या पडवीत ते मशीन अजून चालतं. गावातल्या सगळ्या नवऱ्यांना त्यात राव लागलेला आहे आणि ते त्यावर खूश आहेत. परीक्षक मॅडमनी निकालाबरोबर एक दुरुस्ती सुचवली होती: पतीचे नाव दर वेळी काय विचारायचं, एकदा विचारून मशीनने लक्षात ठेवावं. सूचना रास्त होती. तेजल आणि दीपकने ती दुसऱ्याच दिवशी अमलात आणली आणि आता मशीन कोणालाच दुसऱ्यांदा विचारत नाही.

एक नाव सोडून. ती ओळ तेजलने स्वतः लिहिली आहे.

सगुणाबाई एकट्या राहतात. त्यांच्या घरी कधी लग्न नाही, बारसं नाही, मोठी कढई चढवावी असं काहीच नाही. तरी आठ-पंधरा दिवसांनी त्या जाईची फुलं ओंजळीत घेऊन पडवीत येतात, टॅबसमोर बसतात, नाव घेतात आणि एक झारा घेऊन जातात. नंबर चारचा. गावात परत येणारा तेवढा एकच झारा आहे.